ग्राइंडर का रुसतो?

वाचकहो, उन्हाळ्याच्या अखेरीस महाड-पोलादपूरकडच्या गावांतून फिरायचा योग आला, तर जरा कान देऊन ऐका. आंब्यावर कोकीळ ओरडत असतो, ते आहेच. पण त्याच्या जोडीला आणखी एक आवाज वाडीवाडीतून उठत असतो. आधी बारीक घरघर, मग लोखंडावर टेकताच कानठळ्या बसवणारी किंकाळी, आणि ठिणग्यांचा एक लांबलचक पिसारा. पावसाच्या आत पडवीवर पत्रे चढवायचे असतात, खिडक्यांना गज बसवायचे असतात, गणपतीला मुंबईहून माणसे यायच्या आत फाटक उभे करायचे असते. महाड तालुक्यातल्या तुडीलसारख्या गावी शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. अशा ठिकाणी जूनचा पहिला आठवडा ही काही पंचांगातली तारीख नव्हे. ती कामाची मुदत असते.

आणि नेमका ह्याच मुदतीच्या तोंडावर ग्राइंडर बंद पडतो.

मग काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कारागीर आधी यंत्राच्या पाठीवर एक थाप मारतो. मग वायर हलवून पाहतो. मग दोन शब्द बोलतो, ते इथे छापता येणार नाहीत. गंमत अशी, की ह्या तीन उपायांपैकी पहिले दोन कधीकधी लागू पडतात! का लागू पडतात, आणि लागू पडल्यावरही ते उपाय का नव्हेत, हे सांगायचे तर मला थोडे मागे जावे लागेल. कारण ह्या हातभर यंत्रात दोनशे वर्षांचा इतिहास स्क्रूने कसून बसवलेला आहे. त्याचा एकेक भाग वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळी अडचण दूर करण्यासाठी जन्माला आला. तो भाग रुसला म्हणजे ती जुनीच अडचण पुन्हा डोके वर काढते, एवढेच.

चाकापासूनच सुरुवात करू, कारण चाक सर्वांत जुने.

संस्कृतात धारेच्या दगडाला शाण म्हणतात. आपली सहाण त्याच कुळातली. घरातली चंदनाची सहाण मऊ कामाची. पण कोयत्याला, तलवारीला धार द्यायची तर लोखंडाहून कठीण असे काहीतरी हवे. ते आपल्या देशात निसर्गाने दिले होते : कुरुंद. जुन्या ग्रंथांतला कुरुविंद तोच, तमिळमधला कुरुंदमही तोच. माणिक आणि नीलम ही त्याचीच रंगीत, पारदर्शक भावंडे. दक्षिण हिंदुस्थानातून हा दगड विलायतेत गेला, आणि १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल ह्या गृहस्थाने त्यावर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केला. तेव्हापासून शास्त्राच्या पुस्तकांत तो ‘कोरंडम’ म्हणून रूढ झाला. शब्द आपलाच, फक्त बोट चढून आलेला.

आता पाहा, नुसता दगड असून भागत नाही. त्याचे चाक कसे करायचे? आपल्या कारागिरांनी कुरुंदाची पूड लाखेत कालवून, तापवून, दाबून तिची चकती केली. चकती लाकडी कण्यावर बसवायची, कण्याला चामड्याची वादी किंवा दोरी गुंडाळायची, आणि एका माणसाने ती दोरी ताक घुसळल्यासारखी ओढायची. चाक एकदा इकडे फिरे, एकदा तिकडे. शिकलगार लोकांचा धंदा हा असा चाले. शिकलगार ह्या शब्दात अरबी ‘सैकल’ आहे, म्हणजे झिलई, चकाकी. रायगडाच्या पायथ्याच्या ह्या मुलखात तलवारी थोड्या थोडक्या नव्हत्या, तेव्हा त्या घासून लख्ख करणारे हातही असणारच. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची नावे सापडत नाहीत. तलवारींची नावे मात्र सापडतात.

ह्या लाखेच्या चकतीची एक खोड होती. जोर लावला, चाक तापले, की लाख मऊ पडे आणि कण सुटून जात. म्हणून कारागीर हलक्या हाताने, थांबत थांबत काम करी. ही हलक्या हाताची सवय पुढे हरवली, आणि ग्राइंडरच्या निम्म्या तक्रारींचे मूळ तिथे आहे. पण ते पुढे येईलच.

१८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन नावाचा, पूर्वी एडिसनच्या हाताखाली काम केलेला मनुष्य कृत्रिम हिरा करायच्या खटपटीत होता. चिकणमाती आणि कोळशाची पूड एकत्र करून त्याने त्यातून विजेचा जबर प्रवाह सोडला. हिरा काही झाला नाही. कार्बनच्या कांडीला चमकणारे बारीक स्फटिक मात्र चिकटलेले दिसले, आणि ते काच तर सोडाच, फार कठीण दगडही ओरबाडत होते. त्याला वाटले, हे कार्बन आणि कोरंडम यांचे मिश्रण असावे. म्हणून त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. तो चुकला होता; ते निघाले सिलिकॉन आणि कार्बन यांचे संयुग. पण चुकीचे नाव टिकले, आणि त्या नावाच्या पोटात आपला कुरुंदही टिकून राहिला. विजेची भूक एवढी मोठी, की १८९५ मध्ये त्याने कारखाना नायगारा धबधब्यापाशी नेला. पुढे चार्ल्स जेकब्सने १८९७ मध्ये बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून कृत्रिम कुरुंद केला.

हे दोन्ही कण आजही आपल्या दुकानातल्या चाकांत आहेत, आणि इथेच पहिल्या तक्रारीचे उत्तर आहे. ‘चाक कापतच नाही हो, नुसतं तापतंय!’ असे कोणी म्हणाले, तर यंत्राला दोष देण्याआधी चाकावरचे अक्षर वाचा. इंग्रजी ‘ए’ असेल तर तो कृत्रिम कुरुंद, म्हणजे लोखंड-पोलादासाठी. ‘सी’ असेल तर ते कार्बोरंडम, दगड-काँक्रीट-लादीसाठी. कार्बोरंडम कुरुंदाहून कठीण खरे. परंतु तापलेल्या लोखंडाशी त्याची रासायनिक सोयरीक होते आणि त्याचे कण झपाट्याने बोथट होतात. तेव्हा लोखंडावर दगडाचे चाक लावले, तर कठीण असूनही ते हरते. ॲल्युमिनियमवर साधे चाक लावले, तर मऊ धातू कणांच्या फटीत लिंपला जातो आणि चाक गुळगुळीत होते. अशा वेळी जोर वाढवून काही उपयोग नाही. वाढते ती फक्त उष्णता.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. हिंदुस्थानात धारेची चाके यंत्रावर करायचा आद्य कारखाना कुठे निघाला, ठाऊक आहे? आपल्याच आजच्या रायगड जिल्ह्यात, उरणजवळ मोरा येथे. १९४१ साली दोन पारशी गृहस्थांनी तिथे ग्राइंडवेल ॲब्रेझिव्हज हा उद्योग उभा केला. युद्धाचे दिवस, परदेशी माल मिळेना. तोच आज ग्राइंडवेल नॉर्टन ह्या नावाने ओळखला जातो. पुढे १९५४ मध्ये मद्रासेस कार्बोरंडम युनिव्हर्सल निघाली. म्हणजे तुडीलच्या कारागिराच्या हातातले चाक हे परक्या मुलखातले नवल नव्हे. ते त्याच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी, कधीचेच स्थायिक झालेले आहे.

चाकाचा शेवटचा अध्याय लाखेचा. लाखेची जागा घेतली ती बेकेलाइटने. लिओ बेकेलंड ह्या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये अमेरिकेत तो शोधला. तापवला की मऊ पडायच्याऐवजी हा राळेसारखा पदार्थ उलट घट्ट होतो, आणि एकदा घट्ट झाला की झाला. ह्या कुळातल्या राळेत कण बसवून, आत काचतंतूंची जाळी घालून, आजचे पातळ कापणीचे चाक तयार होते. त्यामुळेच ते इतक्या वेगात टिकते.

किती वेगात? चला, हिशेब करू. कागद-पेन्सिल असेल तर बरे. आपल्याकडे चार इंची म्हणतात त्या यंत्राचे चाक १०० मिलिमीटरचे. त्याचा घेर साधारण ३१ सेंटिमीटर. यंत्र रिकामे असता मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. गुणाकार केला, तर चाकाची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर धावते. तासाला दोनशे किलोमीटरांहून अधिक! बहुतेक चाकांवर सेकंदाला ८० मीटर ही मर्यादा छापलेली असते. म्हणजे योग्य चाक असेल तर आपण मर्यादेच्या पुष्कळ आत असतो. आता ह्याच यंत्राचे लोखंडी कवच काढून त्यावर सात इंची, म्हणजे १८० मिलिमीटरचे चाक भोक जुळवून बसवले, की ती कड सेकंदाला १०३ मीटरांवर जाते. वेग सव्वापट झाला, पण चाक फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. तो मर्यादेच्या सुमारे पावणेदोन पट होतो. असे चाक फुटले तर त्याचा तुकडा कुठे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. तो मनगटात, गळ्यात नाही तर डोळ्यात जातो.

‘मोठे चाक लावले की काम लवकर उरकते’, असे म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मी फक्त त्यांना विचारतो, की चार इंची यंत्रातले चाकाचे भोक १६ मिलिमीटरचे आणि सात इंचीचे २२ मिलिमीटरचे, असा फरक करणाऱ्यांना काय वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी तो केला?

यंत्र हातात धरल्यावर थरथरू लागले, तर तोही चाकाचाच निरोप असतो बहुधा. चाक एका बाजूने झिजले असेल, बसवताना खालची चकती उलटी पडली असेल, किंवा चाक तडकले असेल. जाड, भाजलेल्या चाकाला टिचकी मारून मडक्यासारखा नाद घ्यायची जुनी पद्धत आहे; राळेच्या पातळ चाकाचा नाद मात्र भरवशाचा नाही, ते डोळ्यांनीच तपासावे. नवे चाक बसवून कोणाच्या अंगावर ठिणगी जाणार नाही अशा दिशेला धरून मिनिटभर रिकामे फिरवावे. तेव्हाही थरथर राहिली, तर दोष बेअरिंगचा किंवा वाकलेल्या चातीचा, आणि ते काम ज्याला येते त्याच्याकडेच न्यावे.

बरे, चाक झाले. आता चाकाला फिरवणारा कोण?

१८९५ साली जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरी फाइन नावाच्या कारखान्यात हाती धरता येईल असे पहिले विजेचे छिद्रयंत्र तयार झाले. त्याच शहराच्या आसपास आकरमान आणि श्मिट ह्या दोघांनी १९२२ मध्ये एक हात-ग्राइंडर काढला. त्यात मोटर वेगळी, चाक वेगळे, आणि मध्ये वळणारी लवचीक दांडी. लवचीक म्हणून नाव फ्लेक्स. पुढे त्यांनी मोटर हातातच आणली, आणि १९५४ मध्ये वेगाने फिरणारा, काटकोनात वळणारा ग्राइंडर बाजारात आणला. आज जर्मन कामगार ‘ग्राइंडरने कापणे’ ह्या अर्थी ‘फ्लेक्सणे’ असे क्रियापदच वापरतो. आपल्याकडे क्रियापद झाले नाही, पण नामाचे मात्र ‘ग्लँडर’ झाले. मला तो अपभ्रंश आवडतो. जिभेने वस्तू आपलीशी केल्याची ती खूण आहे. आपल्या देशातही मुंबईच्या मुलुंड उपनगरात रॅलिवुल्फच्या कारखान्यातून अशी हत्यारे निघू लागली, आणि कारखान्यांतून ती हळूहळू गावच्या लोहाराच्या भात्यापर्यंत पोचली.

ह्या यंत्राच्या पोटात जी मोटर असते, तिचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे कार्बन. दुकानात जाऊन आपण म्हणतो, ‘कार्बनची जोडी द्या.’ इंग्रजीत तिला कार्बन ब्रश म्हणतात, आणि ब्रश तर म्हणावे, पण एक केस दिसत नाही! हे कसे? तर एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या विद्युतयंत्रांत फिरत्या भागाला वीज पोचवायला तांब्याच्या तारांची जुडी टेकवून ठेवीत. ती खरोखरच कुंचल्यासारखी दिसे. ती ठिणग्या उडवी, फिरत्या तांब्याला खरवडे, स्वतःही झिजे. सारखे तिच्यापाशी उभे राहावे लागे. १८८५ साली जॉर्ज फोर्ब्स ह्या स्कॉटिश विद्वानाने सुचवले, की तारांऐवजी कार्बनचा तुकडा टेकवा. कार्बन विजेला जरा अडवतो, आणि त्या अडवण्यामुळेच ठिणगी दबते. शिवाय तो मऊ, स्वतः झिजतो पण तांब्याला जपतो. नाव मात्र ब्रशच राहिले. आपल्या कारागिरांनी त्यातला ब्रश गाळून नुसता कार्बन ठेवला, हे अधिक बरोबर केले असे माझे मत आहे.

आणि योगायोग पाहा. हाच फोर्ब्स पुढे नायगाऱ्याच्या वीजप्रकल्पाचा सल्लागार झाला, आणि त्या विजेवर चाललेल्या ॲचेसनच्या भट्टीत कार्बोरंडम जास्त तापवला असता त्यातला सिलिकॉन उडून जाऊन उरले ते ग्राफाइट. १८९६ मध्ये ॲचेसनने त्याचेही हक्क घेतले. मोटरीचे उत्तम कार्बन ह्याच पद्धतीच्या ग्राफाइटचे होऊ लागले. म्हणजे आपल्या हातातल्या यंत्राचे चाक आणि कार्बन हे एका भट्टीतून निघालेले सख्खे भाऊ म्हणायचे!

कार्बन झिजण्यासाठीच असतो, हे एकदा मनावर घेतले की पुष्कळ त्रास वाचतो. तो मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका उरला, की मागची स्प्रिंग त्याला नीट दाबू शकत नाही. मग यंत्र कधी चालते, कधी चालत नाही, आणि पाठीवर थाप मारली की कार्बन हलून क्षणभर टेकतो व यंत्र सुरू होते. थापेचे रहस्य ते हे. पण तशा अर्धवट टेकण्यात मोठ्या ठिणग्या पडतात, आणि त्या ठिणग्या तांब्याच्या पट्ट्या जाळून टाकतात. थोड्याशा रुपयांची जोडी वाचवताना आर्मेचर जाते, आणि आर्मेचरची किंमत ऐकून माणूस नवेच यंत्र घ्यायला निघतो.

कार्बन बदलताना प्लग काढलेला असावा. नुसता स्विच बंद केलेला पुरत नाही. दोन्ही कार्बन एकदमच बदलावेत, मापाचे आणावेत. मोठा आणून कानशीने घासून बसवणारे आहेत; तो कप्प्यात अडकतो आणि आठवड्यात पुन्हा तीच रड. बसवल्यावर यंत्र चार-पाच मिनिटे रिकामे चालवावे, म्हणजे कार्बनचे तोंड तांब्याच्या गोलाईला जुळते. तांबे काळवंडले असेल, तर बारीक काचकागदाने पुसावे. एमरी कागदाने नव्हे. एमरी म्हणजे लोहमिश्रित कुरुंद, त्याचा कण पट्ट्यांच्या फटीत राहिला तर वीज त्यातून आडवी जाऊ शकते.

नवे कार्बन घालूनही जर तांब्याभोवती निळी ठिणगी पूर्ण वर्तुळ करून पळू लागली, तर समजावे, की आर्मेचरची गुंडाळी आत कुठे तरी जुळली अथवा तुटली आहे. थोडी टिमटिम ही स्वाभाविक. चक्र दिसले की यंत्र खाली ठेवावे.

यंत्र अजिबातच मेले असेल, तर मात्र कार्बनच्या आधी वायर पाहावी. आधी त्याच खोक्यात दिवा लावून वीज आहे ना ते बघा. हसू नका, निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळते. मग वायर. जिथे वायर यंत्रात शिरते, तिथे रबरी नळी असते. तिच्या लगत तांब्याचे केस वाकून वाकून आतल्या आत तुटतात, वरून आवरण धडधाकट दिसते. वायर हलवली की यंत्र जागे होते, ते ह्यामुळे. अशी वायर चार बोटे मागे कापून, आत नव्याने नीट आवळून बसवावी, चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये. जुन्या धातूच्या अंगाच्या यंत्रांना तिसरी, हिरवी अर्थिंगची तार असे. हल्लीच्या यंत्रांवर चौकोनात चौकोन अशी खूण दिसते; ती दुहेरी विद्युतरोधाची, तिथे तिसरी तार नसते. जुन्या यंत्राची तिसरी तार ‘नसली तरी चालते’ म्हणून कापणाऱ्याला एवढेच सांगावे, की ती यंत्र चालवण्यासाठी नव्हतीच, माणूस चालता राहण्यासाठी होती.

आता विजेविषयी थोडे, कारण हा प्रश्न आपल्या मुलखाचा खास आहे. तेव्हाच्या कोलाबा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे १९२७ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. मुळशीच्या धरणाचे पाणी तिथे कोसळते. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो आपणास ठाऊक आहेच. त्या पाण्याची वीज गेली मुंबईला, गिरण्यांना नि रुळांना. तारा डोक्यावरून गेल्या, खाली गावांत कंदीलच राहिले. १९६० मध्ये राज्याचे वीज मंडळ स्थापन झाल्यावर खेडोपाडी खांब पोचायला पुढची कित्येक वर्षे लागली. खांब पोचले, पण डोंगराळ मुलूख, लांबलचक तारा, आणि टोकाच्या घराला उरलेसुरले व्होल्टेज, ही रडकथा बरीच पुरली.

ग्राइंडरला हवेत २३० व्होल्ट. टोकाच्या वाडीत संध्याकाळी १९० आले, आणि त्यावर कारागिराने पन्नास मीटरची पातळ, अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर जोडून यंत्र बांधापलीकडे नेले, तर? लहान यंत्र चारएक अँपिअर खेचते. जाऊन-येऊन शंभर मीटर तांबे. त्यात पंधराएक व्होल्ट आणखी गळतात. मोठे सात इंची यंत्र असेल तर तीस-पस्तीस. उरलेल्या विजेवर यंत्र रेंगाळते, कारागिराला वाटते कापत नाही, तो अंगाचा भार टाकतो. फेरे आणखी कमी होतात, पंख्याचा वारा कमी होतो, गुंडाळी तापते, आणि तो जळका वास येतो. लाखेच्या चाकावर काम करणाऱ्याला जो हलका हात चाकाने शिकवला होता, तो इथे वीज शिकवते; पण फी फार घेते. जाड वायर वापरा, पुरी उलगडून ठेवा, आणि यंत्र घरघरत रेंगाळू लागले की उचला. रिकामे मिनिटभर फिरू द्या, त्याचाच पंखा त्याला थंड करतो.

त्या पंख्याचाही एक दोष आहे. तो मागच्या भोकांतून हवा आत ओढतो, आणि हवेबरोबर लोखंडाची भुकटीही. ही भुकटी गुंडाळीचे रोगण खरवडते आणि वीज भलतीकडे नेते. आठवड्यातून एकदा सायकलच्या पंपाने का होईना, भोके फुंकून काढावीत. डोळ्यांवर चष्मा ठेवून, बरे का.

गिअरचे फारसे सांगण्यासारखे नाही. मोटर फिरते आणि चाक फिरत नाही, म्हणजे काटकोनातल्या दात्यांनी मान टाकली. बहुतेकदा कारण एकच : चाक फिरत असतानाच माणसाने चाक अडवायची कळ दाबली. तिथे ग्रीस लागते, तेल नव्हे, आणि तेही बेताने.

तर आता पुराकडे येऊ. महाडकरांना पूर नवा नाही. २००५ च्या जुलैचा पूर अजून लोक वर्षासाठी खूण म्हणून वापरतात, आणि २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीचे पाणी पुन्हा बाजारपेठेत, घरादारांत शिरले. अशा पुरानंतर चिखलातून निघालेल्या वस्तूंत ग्राइंडर हमखास असतो, आणि नेमका तोच लगेच हवा असतो : वाकलेली शटरे कापायला, गंजलेले बोल्ट उडवायला. माणूस तो उन्हात तासभर ठेवतो, वरून कोरडा दिसला की प्लग लावतो. एक तर फ्यूज जातो, नाही तर आर्मेचर. आणि दैव फिरले तर माणूस.

पुरातून निघालेले यंत्र आधी उघडावे. चिखल स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा. आधीच भिजलेल्याला पाण्याचे भय नाही, चिखलाचे आहे. कार्बन काढून ठेवावेत. गिअरमधले जुने ग्रीस पुसून काढावे, बेअरिंगे बहुधा बदलावीच लागतात. मग सावलीत, वाऱ्याला, चांगले काही दिवस वाळू द्यावे. श्रावणातल्या दमट हवेत चुलीच्या मागची ऊबदार जागा बरी, चूल नव्हे. स्विच बदललेला बरा. आणि मोटरी बांधणाऱ्या माणसाकडे मेगर असतो, त्यावर गुंडाळीचा विद्युतरोध मोजून मगच वीज द्यावी. यंत्र वाचते, पुष्कळदा वाचते.

चाके मात्र वाचत नाहीत. राळेचे चाक भिजले की त्याची पकड कमी होते, आणि वाळल्यावर ती परत येत नाही. नुसत्या दमट खोलीत पडून राहिले तरी तसेच. म्हणून चाकाच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेले असते, ते साधारण तीन वर्षांचे. जुन्या शिकलगाराची लाखेची चकती फुटली, तर तो तुकडे तापवून पुन्हा चकती बसवीत असे. ह्या राळेला ती सोय नाही. तेव्हा पुरातून निघालेली, मुदत टळलेली, चीर गेलेली चाके उंबऱ्याबाहेर टाकायच्या आधी हातोडीने दोन तुकडे करून टाका. अखंड टाकलीत, तर संध्याकाळपर्यंत कोणी तरी ती उचलून, पुसून, यंत्रावर चढवलेली असतात.